जुळत नसलेला गोल

पोलादपूरच्या बाजारातून खाली उतरणाऱ्या रस्त्याला काकांचा गाळा आहे. पहिल्यांदा आलेला माणूस दारात उभा राहून हमखास विचारतो, "झेरॉक्स चालू आहे का?" त्याची चूक नसते. समोर बेंचवर एक मळकट पांढरी पेटी दिसते, तिला पारदर्शक झाकण, शेजारी संगणक. झेरॉक्सच वाटणार. काका डोळे वर न करता सांगतात, "पुढं, मेडिकलच्या बाजूला."

ती पेटी म्हणजे टेबलावर मावणारं सीएनसी मिलिंग मशीन. वर कटर फिरतो आणि वर-खाली होतो, खाली लोखंडी टेबल सरकतं, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे. कुठे, किती सरकायचं ते संगणक सांगतो आणि तीन मोटारी तीन लांब स्क्रू फिरवून ते करतात. त्यावर आम्ही पितळी पाट्या कोरतो, मिक्सरचे आणि शिलाई मशीनचे न मिळणारे भाग करतो, कुणाची पंपाची चकती, कुणाच्या देवघराची जाळी. काका मुंबईला साचे-हत्यारं बनवणाऱ्या ज्या टूलरूममध्ये नोकरीला होते ती बंद झाली, मोठी यंत्रं लिलावात गेली आणि शिकाऊ कामगारांसाठी आणलेलं हे लहान मशीन कुणालाच नको होतं. काकांनी ते गोधडीत गुंडाळून टेम्पोने गावाकडे आणलं. ते माझ्याहून वयाने मोठं आहे.

मी महाडची. रोज सकाळच्या एसटीने येते. डिप्लोमा झाल्यावर पुण्यात चार ठिकाणी मुलाखती दिल्या. प्रश्नाचं उत्तर मला येत असतं, पण ते मी मनातच देते आणि तोंडाने देईपर्यंत समोरच्याने कागद बाजूला ठेवलेला असतो. मग एकदा आमच्या मिक्सरचं तुटलेलं कपलर घेऊन बाबांसोबत या गाळ्यात आले. काका चष्मा कपाळावर चढवून संगणकाच्या पडद्याला नाक लावून बसले होते. मशीनला द्यायच्या सूचनांतली कुठली तरी ओळ चुकली होती. मी मागून बोट दाखवलं. काका वळून म्हणाले, "उद्यापासून ये."

तेव्हापासून तीन वर्षं झाली. आमचं बरं जमतं, कारण दोघांनाही कामाबाहेर फार बोलायला लागत नाही. अडचण एकच. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे काकांनी "एकोणसत्तर" म्हटलं की मी क्षणभर थांबते. ते हल्ली आकडा खडूने बेंचवर लिहितात आणि पुटपुटतात, "एवढी फी भरून एकोणसत्तर नाय शिकवला." शिवाय ते सुतात मोजतात आणि मी मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा जरासं जास्त. त्या जराशावरून आमची भांडणं होतात, म्हणजे ते भांडतात आणि मी मोजायचं व्हर्नियर पुढे करते.

असलं जुनं मशीन चालू ठेवायचं म्हणजे सतत काही ना काही गोळा करत राहावं लागतं. त्याला जुन्या पद्धतीची प्रिंटरची रुंद वायर लागते, ती नव्या संगणकाला बसतच नाही. म्हणून तीन जुने संगणक आम्ही राखून आहोत. एक चालतो आणि दोन त्याला अवयव देतात. आतला पंखा दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा आहे. पुढच्या स्क्रूवर कापताना उडणारा कीस पडू नये म्हणून रबराचा पडदा होता, तो फाटला, तेव्हा काकींनी जुन्या छत्रीच्या कापडाचा नवा शिवून दिला. चुण्या पाडून, दोन्ही टोकांना शिलाई घालून. मूळच्या पडद्यापेक्षा तो चांगला चालतो.

गणपती झाल्यावर काकी मुंबईला गेल्या. सुनेचं बाळंतपण होतं. तेव्हापासून काकांचा मुलगा रोज फोन करायला लागला. काकांना ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो आणि गाळा एवढासा, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"बाबा, आई इकडे, तुम्ही तिकडे एकटे. काय खाता, काय करता? आता पुरे झालं ना."

"वर्कशॉपचं काय करू?"

"विका. ते मशीन आता कोण घेणार, भंगारात द्या."

असं चारपाच दिवस चाललं. शेवटी एकदा काका वैतागून म्हणाले, "हे बघ, मशीन चालतंय तवर मी हितं. ते बंद पडलं की त्या दिवशी बॅग भरतो. झालं समाधान?"

"शब्द दिलात बरं का," मुलगा म्हणाला.

"दिला."

फोन ठेवून ते माझ्याकडे न बघता चहाला गेले. मी मशीनकडे बघितलं. तोवर मला ते जुनं वाटायचं, पण त्या दिवशी ते म्हातारं वाटलं. गाळा बंद झाला तर मला पुन्हा फाईल घेऊन कुणाच्या तरी टेबलासमोर बसावं लागणार होतं. आणि काका मुंबईच्या वन बीएचकेमध्ये खिडकीशी बसून काय करतील, ते मला डोळ्यांसमोर आणता येईना.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करायची आणि त्यांना विश्रांती द्यायची. गाळ्यातली पूजा नेहमी काकी करायच्या. मी त्या दिवशी सुट्टीवर असायचे, त्यामुळे त्या ती कशी करतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. या वेळी त्यांनी फोनवर काकांना सांगितलं, "पोरीला सांगा, ती करील. तुमच्या हातनं नको, तुम्ही उदबत्ती ग्राइंडरला खोचाल."

काकांना वरच्या वाडीवर जायचं होतं, घरच्या देवाला. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या माळा आणि एक नारळ. "दोन फुलं वाहा नि जा घरी," म्हणाले आणि गेले.

मी एकटीच होते. कुणी बघत नसलं की मला सगळं नीट करता येतं. आधी मशीन पुसून काढलं. छत्रीच्या कापडाचा पडदा काढून धुतला, वाळत घातला. टेबल मागे सरकवलं तसा पुढचा स्क्रू पूर्ण उघडा पडला. लांब, चकचकीत, मागच्या टोकाला टेबल ओढणारी पितळेची नट. मी तो एवढा उघडा क्वचितच बघितला होता. ड्रिलला कुंकू लावलं, ग्राइंडरला लावलं, संगणकालाही एक टिकली लावली. मशीनजवळ आल्यावर प्रश्न पडला की लावायचं कुठे. पेटीला लावावं तर ते कपड्यांना कुंकू लावल्यासारखं वाटलं. मशीनचा जीव कुठे असेल तर तो या स्क्रूत असेल, असं मला वाटलं. म्हणून हळद-कुंकू पाण्यात कालवून त्या स्क्रूवर पाच बोटं ओढली. वर अक्षता वाहिल्या. मी देवाकडे कधी फारसं मागत नाही, पण त्या दिवशी मागितलं. चालू राहू दे म्हटलं.

संध्याकाळी काकांनी फोन करून विचारलं, "झाली पूजा?" म्हटलं, झाली.

दसऱ्यालाही गाळा बंद होता. तिसऱ्या दिवशी मी लवकर आले, माळा काढल्या, स्क्रूवरचं जेवढं दिसलं तेवढं फडक्याने पुसलं, तेल सोडलं आणि धुतलेला पडदा परत बसवला. काका यायच्या आत सगळं जिथल्या तिथे होतं.

त्याच दिवशी दुपारी वरच्या एका वाडीतल्या दोन बायका आल्या. त्यांच्या बचत गटाची छोटी भातगिरणी आहे. त्यातल्या मोठ्या ताईंनी पिशवीतून एक नायलॉनची चक्री काढून बेंचवर ठेवली. पाच दात सलग उडाले होते.

"कंपनीवाला बोलतो, असा पार्ट आता येतच नाय. नवी गिरणी घ्या बोलतो. आमची कापणी सुरू झाली, मिस्त्री. आता भात घेऊन महाडला जायचं काय डोक्यावरून?"

काकांनी चक्री फिरवून पाहिली आणि माझ्याकडे सरकवली. मी दात मोजले. सव्वीस. मधलं भोक, जाडी, सगळं मोजून लिहून घेतलं.

"होईल?" ताईंनी मला विचारलं. मी मान हलवली.

"तोंडानं बोल गो. मान तर आमची म्हैस पण हलवते."

"होईल," मी म्हटलं.

नायलॉनचा जाड तुकडा एकच होता, म्हणून आधी टाकाऊ ॲक्रिलिकवर चाचणी घ्यायची ठरवली. नुसता एक गोल कापायचा. कटर जिथून निघाला तिथेच फिरून परत यायला हवा. आला नाही. अर्ध्या मिलिमीटरने पुढे जाऊन थांबला. गोलाच्या कडेला एक पायरी पडली होती, नखाला लागत होती. दुसरा कापला, त्यात पायरी आणखी मोठी. तिसरा तर अंड्यासारखाच दिसला.

या मोटारी पावलं टाकत चालतात. संगणकाने शंभर पावलं सांगितली की शंभर टाकायची. मधे कुठे अडलं तर पाऊल हुकतं, पण संगणकाला ते कळत नाही. त्याला वाटतं, आपण सांगितलं म्हणजे झालंच. पुढे-मागे नेणारी मोटार पावलं हुकत होती, एवढं पहिल्या दिवशीच समजलं. का हुकतेय ते समजेना.

मी संगणकापासून सुरुवात केली, कारण ते मला येतं. वेग कमी केला. वायर बदलली. राखीव संगणक लावून बघितला. वीज मोजली. काकांनी मोटार आणि स्क्रू जोडणारं कपलिंग तपासलं, ते घट्ट होतं. मग त्यांनी टेबलाच्या बाजूची पट्टी आवळली, मग सैल केली, मग पुन्हा आवळली. प्रत्येक वेळी आम्ही डायल गेज लावायचो. घड्याळासारखा काटा असतो त्याचा. टेबल दहा वेळा पुढे-मागे पाठवायचं आणि शेवटी काटा शून्यावर येतो का ते बघायचं. एकदा यायचा, मग चार वेळा यायचा नाही. सारखी एकाच प्रकारची चूक असती तर पकडता आली असती.

चौथ्या दिवशी एसटीत बसलेली असताना मला स्क्रूवरची ती पाच बोटं आठवली. लगेच मी स्वतःला सांगितलं की ते तर पुसलं होतं. गाडी पोलादपूरला पोचेपर्यंत मी ते आणखी दोनदा सांगितलं. गाळ्यात पोचल्यावर पडदा काढून बघणं दहा मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. त्याऐवजी संगणकाची अख्खी प्रणाली पुसून नव्याने घातली. त्यात दिवस गेला.

इकडे काका गप्प होत चालले होते. एरवी अडलं की ते मशीनला शिव्या देतात, त्याच्या आईबापांपर्यंत जातात. आता देत नव्हते. सातव्या दिवशी त्यांनी डायल गेज काढून डबीत ठेवलं आणि स्टुलावर बसले.

"स्क्रू झिजला," ते म्हणाले. "नट पण झिजली. असला स्क्रू आता मिळायचा नाय. वय झालं त्याचं."

"काका, अजून एकदा—"

"किती एकदा? मी पण रोज सकाळी गुडघ्याला बोलतो, अजून एकदा."

त्यांनी महाडच्या जुनी यंत्रं घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. तो शुक्रवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. नंतर मुलाला फोन लावला आणि स्पीकर बंद करून, फोन कानाला घट्ट धरून बोलले. मला ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच.

बुधवारी ते बँकेत गेले होते. मी दार अर्धं ओढून घेतलं आणि छत्रीच्या कापडाचा पडदा काढला. मोटार सोडवली आणि स्क्रू हाताने फिरवायला लागले. गुळगुळीत, गुळगुळीत आणि मग एका जागी बोटांना करकर जाणवली. पीठ मळताना खडा लागावा तशी. नट उलगडून काढली. आतल्या आट्यांमधे तेल, हळद आणि कुंकू मिळून घट्ट लाल लगदा झाला होता. पाण्यामुळे दोन ठिकाणी गंजाची सुरुवात होती. आणि त्या लगद्यात, एका आट्यात आडवा बसलेला, तांदळाचा अर्धा दाणा.

मी तो चिमट्याने काढून डबीच्या झाकणात ठेवला. मग रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बसले. आटा न् आटा धुतला. गंज घासला. नवीन तेल लावून नट बसवली, मोटार जोडली, डायल गेज लावलं. दहा वेळा पुढे-मागे. काटा शून्यावर. पुन्हा दहा वेळा. शून्यावर. पन्नास वेळा पाठवलं, तरी काटा शून्यावरच येऊन थांबला.

खरं सांगायचं तर पहिला आनंद मशीन चालल्याचा नव्हता. काका इथे नव्हते, याचा होता. कपलिंगचा एक आतला स्क्रू ढिला होता, असं सांगायचं मी ठरवलं. ते वाक्य मी इंग्रजीत जुळवलं आणि मग मराठीत केलं. खोटं बोलायच्या आधी मी नेहमी इंग्रजीत तयारी करते, असं तेव्हा लक्षात आलं.

काका आले. मी वाक्य म्हटलं. त्यांनी काटा बघितला, मान हलवली आणि पिशवी खुंटीला लावली.

"आज हाय नीट. उद्या परत तेच करील. मी असली मशीनं बघितलीत, मरायच्या आधी दोन दिवस बरी चालतात. त्या बायकांच्या कामाला एकच तुकडा हाय, तो वाया घालवायचा नाय. शुक्रवारी जाऊ दे त्याला."

म्हणजे नुसतं साफ करून भागणार नव्हतं. मशीन झिजलेलं नाही हे त्यांना पटायला हवं होतं, आणि का बिघडलं होतं ते कळल्याशिवाय ते पटणार नव्हतं. ते सांगू शकणारी एकटी मीच होते. मी ड्रॉवर उघडून डबीचं झाकण त्यांच्यासमोर बेंचवर ठेवलं. लाल लगदा आणि अर्धा तांदूळ.

"हे नटमधे होतं," मी म्हटलं. "पूजेच्या दिवशी मी पडदा काढला होता. कुंकू स्क्रूवर लावलं. कपलिंगचं खोटं सांगितलं."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दाणा बोटावर घेऊन खिडकीकडे धरला. बराच वेळ बघितला. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते.

"कुंकू ओलं होतं का सुकं?" त्यांनी विचारलं.

"ओलं."

"हळद पण?"

"हळद पण."

"आणि वरून अक्षता."

"हो."

"मग कापूर, नारळ? तो नाय फोडलास त्याच्यावर?"

मी वर बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"टूलरूमला," ते डोळे पुसत म्हणाले, "दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी पहिलं काम काय? रॉकेल आणि ब्रश. दर वर्षी कुणी ना कुणी नवा भक्त असायचाच. एकानं तर लेथच्या जबड्याला साखरेचा नैवेद्य दाखवलेला, सगळ्या मुंग्या. आमचा फोरमन आधी सगळ्या मशीनी उघडून बघायचा, मग चहा. मी तीस वर्षं ते केलं. आणि हितं, आठ दिवस, एकदा पण डोक्यात नाय आलं." हसणं थांबलं. "तुला सांगायला पायजे होतं. तुझी काकी पहिल्या वर्षी असंच करायला गेली, मी केवढ्यानं ओरडलो. तवापासनं ती मशीनला हात लावत नाय, समोर पाटावर सगळं मांडते. मला वाटलं, इंग्लिश मीडियमची पोरगी, ही काय पूजा करणार, दोन फुलं टाकील नि जाईल."

"मी सगळं नीट केलं," मी म्हटलं.

"तेच तर. थोडी कमी श्रद्धा पायजे होती."

मग ते उठले आणि स्क्रू स्वतः हाताने फिरवून बघितला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोळे मिटून. पुन्हा उलटा. "झिजला नाय," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आठ दिवस मी ह्याला म्हातारा म्हणत होतो." आणि मला म्हणाले, "चौथ्या दिवशी तू संगणक पुसत बसलीस, तवाच तुला आठवलं होतं ना?"

मी मान हलवली. म्हशीसारखी.

"पुढच्या वेळी पहिल्या दिवशी सांग. मी ओरडेन. ओरडून झालं की आपण उघडून बघू."

गुरुवारी सकाळी ताई आणि त्यांची सोबतीण येऊन दारात बसल्या. त्यांना सांगितलं होतं की दुपार होईल, तरी त्या सकाळीच आल्या. नायलॉनचा तुकडा टेबलावर पक्का केला. माझा हात संगणकाच्या कळीवर होता आणि काकांचा लाल बटणावर, बिघडलं तर बंद करायला. कटर सुरू झाला. पांढरा कीस उडायला लागला, मऊ आणि बारीक.

"खोबरं खवतंय गो," ताई सोबतिणीला म्हणाल्या. "आता गूळ आण नि मोदक कर."

पहिला दात, दुसरा दात. मी प्रत्येक दात मोजत होते, मराठीत, मनातल्या मनात. सव्विसावा झाला. आता कटर जिथून निघाला होता तिथे परत येणार होता. कटर आला, शेवटचा पातळ पापुद्रा उडाला आणि तो वर उचलला गेला. मी चक्री काढली. कडेवरून नख फिरवलं. मग काकांनी फिरवलं, मग ताईंनी, का ते माहीत नसताना.

"लागत नाय काय," ताई म्हणाल्या.

"लागायलाच नको," मी म्हटलं.

त्यांनी चक्री पदराला पुसून पिशवीत टाकली. "उद्या फोन करते. नाय चालली तर परत येऊन इथंच बसेन." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मागे गिरणीचा एवढा आवाज होता की शब्द कळले नाहीत. काकांनी फोन वर धरून मला तो आवाज ऐकवला. नंतर त्यांनी मुलाला फोन केला, या वेळी स्पीकरवर. काय झालं होतं, असं मुलाने विचारलं. "कचरा अडकला होता," काका म्हणाले. "मी साफ नव्हता केला." मग मुलगा म्हणाला, "आईला सांगतो. पण बाळाच्या बारशाला तरी या, चार दिवस. गाळा ती मुलगी सांभाळेल ना?" काकांनी माझ्याकडे बघितलं. मी "हो" म्हटलं, मोठ्याने, फोनला ऐकू जाईल असं.

व्यापाऱ्याला मात्र फोन करायचा राहूनच गेला होता. त्याचा टेम्पो अकराच्या सुमारास दारात येऊन उभा राहिला. काका एकदम उठून मागच्या मोरीकडे निघाले.

"तू बोल. मी माणसाला ये म्हणून सांगितलंय, आता नको जा कसं बोलू?"

"काका, मी?"

"मग काय संगणक बोलेल?"

व्यापारी आत आला. खिशात मोजपट्टी, हातात दोरखंड. मशीन चालू होतं, नायलॉन संपलं होतं म्हणून मी गिरणीसाठी दुसरी चक्री ॲल्युमिनियममधून, राखीव म्हणून कापायला लावली होती. तो झाकणातून बघत उभा राहिला.

"हेच का? बंद पडलंय म्हणाले होते."

"पडलं होतं," मी म्हटलं. माझा आवाज बारीक निघाला, मी तो पुन्हा काढला. "आता चालतंय. विकायचं नाही. तुम्हाला हेलपाटा पडला, आमची चूक झाली."

"काका कुठे आहेत?"

"आहेत. पण मशीनचं मीच सांगते आहे."

तो चिडेल असं वाटलं होतं. तो वाकून कटरकडे बघत राहिला. दात पडत होते, एकामागून एक. मोरीत पाण्याचा आवाज बऱ्याच वेळापासून उगाच चालू होता.

"स्टील कापतं का हे?" त्याने विचारलं.

"नाही. नायलॉन, पितळ, ॲल्युमिनियम."

तो टेम्पोत गेला आणि सीटखालून कडीसारखं एक तुटलेलं पितळी बुश घेऊन आला, कुठल्या तरी जुन्या पंपाचं. "असं एक जमेल? चार महिने शोधतोय."

मी ते हातात घेतलं, व्हर्नियर लावलं, आतून आणि बाहेरून मोजलं. मोरीतलं पाणी थांबलं.

"सोमवारी," मी म्हटलं, आणि मार्करने बुशवर तो वार लिहून ते बेंचवर ठेवलं.